संत चालतात, मग सांगाडा का नको?

गेल्या ऑक्टोबरात न्यू जर्सीहून माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीचा फोन आला. तिचा मुलगा तिथल्या एका कॅथलिक शाळेत तिसरीत आहे. घर पक्कं मराठी, देव्हाऱ्यात गणपती आणि खंडोबाचा टाक. शाळा चांगली आणि घरापासून दहा मिनिटांवर, म्हणून तिथे घातलेला. शाळेतून चिठ्ठी आली होती. ३१ ऑक्टोबरला भुताखेतांचे, चेटकिणींचे, सैतानाचे पोशाख घालून कुणी येऊ नये. १ नोव्हेंबरला मात्र प्रत्येकाने एखाद्या संताचा वेश करून यावं, त्याच वेशात मुलं मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीला, बसतील. मुलाला स्वतःचं मुंडकं हातात धरलेलं भूत व्हायचं होतं आणि त्याची तयारी उन्हाळ्याच्या सुट्टीपासून चाललेली. "तू वसईची कॅथलिक. तुमच्यात हे नक्की काय असतं ते सांग बाई," ती म्हणाली. "भुताचं सोंग घेतलं तर देवाचा अपमान होतो का? आणि संताचं सोंग घेतलं तर होत नाही का?"

तिचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा चांगला होता. पण त्याच्याकडे जायचं तर आधी पहिला सोडवावा लागतो.

हॅलोविन हा शब्द मुळात चर्चचा आहे. जुन्या इंग्रजीत 'हॅलो' म्हणजे पवित्र माणूस, संत. 'ऑल हॅलोज ईव्ह' म्हणजे सर्व संतांच्या सणाची आदली संध्याकाळ. बोलण्यात झिजून त्याचं हॅलोविन झालं. १ नोव्हेंबरला सर्व संतांचा सण, २ नोव्हेंबरला सर्व मृतांचा दिवस. हे तीन दिवस एकाच माळेतले आहेत, त्यातला फक्त पहिला जगभर प्रसिद्ध झाला, तोही चर्चला सोडून.

लहानपणी आम्हाला वसईत हॅलोविन हे नावसुद्धा ठाऊक नव्हतं. २ नोव्हेंबर मात्र पक्का ठाऊक होता. आठवडाभर आधी कबरी धुवायच्या, गवत उपटायचं, क्रुसाला रंग द्यायचा. त्या दिवशी झेंडूच्या माळा, अगरबत्त्या, ओळीने मेणबत्त्या. फादर पवित्र पाणी शिंपडत कबरींमधून फिरायचे आणि आम्ही मुलं वितळलेलं मेण गोळा करून त्याचे गोळे वळायचो. संध्याकाळच्या अंधारात दफनभूमीत बागडताना भीती वाटल्याचं मला आठवत नाही. खाली आजी होती, आजोबा होते. घाबरायचं कोणाला? सर्वपित्री अमावस्येला कावळ्याची वाट बघणाऱ्या घरांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता इतिहास, थोडक्यात. सातव्या शतकाच्या सुरुवातीला पोप चौथा बोनिफेस याने रोममधलं पँथिऑन हे जुनं देवालय मरियेला आणि सर्व हुतात्म्यांना अर्पण केलं, ते १३ मे रोजी. आठव्या शतकात पोप तिसरा ग्रेगरी याने संत पेत्राच्या महामंदिरात सर्व संतांसाठी एक छोटं प्रार्थनास्थळ अर्पण केलं, आणि पुढच्या शंभरेक वर्षांत १ नोव्हेंबर ही तारीख पश्चिम युरोपात रुळली. मृतांचा दिवस त्यानंतरचा. फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठाचा प्रमुख ओडिलो याने तो दहाव्या-अकराव्या शतकाच्या सांध्यावर आपल्या मठांमध्ये सुरू केला.

"अहो पण तो तर मुळात केल्ट लोकांचा सण, चर्चने ढापला" हे तुम्ही ऐकलं असेल. आयर्लंडमध्ये हिवाळ्याची सुरुवात म्हणून साव्हिन नावाचा सण होता, हे खरंच. जुन्या आयरिश कथांत त्या रात्री अद्भुत गोष्टी घडतात, हेही खरं. पण त्या काळचे लोक भुतांना फसवायला मुखवटे घालत, त्यांचे पुजारी अमुक विधी करत, वगैरे जे ठामपणे सांगितलं जातं त्याला पुरावा फार तोकडा आहे. ब्रिटनच्या सणावारांचा इतिहास लिहिणारे रोनाल्ड हटन यांनीच हे दाखवून दिलं आहे. गंमत म्हणजे ही ढापाढापीची गोष्ट दोन्ही बाजूंना सोयीची पडते. हॅलोविनवर बंदी मागणारा कडवा ख्रिस्ती म्हणतो, बघा, सण मुळातच सैतानाचा. चर्चवर राग असणारा म्हणतो, बघा, सण मुळातच आमचा. दोघांना एकच गोष्ट हवी आहे.

दारोदार फिरण्याचा जास्त स्पष्ट धागा मिळतो तो मध्ययुगीन इंग्लंडमध्ये. या दिवसांत गोरगरीब आणि मुलं घरोघर जायची, घरची मंडळी त्यांना छोट्या गोड पोळ्या-केक द्यायची आणि त्याबदल्यात ती त्या घरच्या मेलेल्यांसाठी प्रार्थना करायची. या खाऊला 'सोल केक' म्हणत, आत्म्यांचा केक. कॅथलिक श्रद्धेप्रमाणे स्वर्गात जाण्याआधी बहुतेक आत्म्यांना शुद्धिस्थानात थांबावं लागतं, आणि जिवंत माणसांच्या प्रार्थनेचा त्यांना उपयोग होतो. तेव्हा दारात आलेलं मूल हे भीक मागत नव्हतं; तुमच्या आजोबांचं काम करत होतं.

आणि इथेच सगळं फाटलं. मार्टिन ल्यूथरने आपली ९५ विधानं विटेनबर्गमध्ये मांडली ती तारीख ३१ ऑक्टोबर १५१७. योगायोग म्हणून सोडून देण्यासारखी ही तारीख नाही. तिथल्या किल्ल्याच्या चर्चचं नावच 'सर्व संतांचं चर्च'. दुसऱ्या दिवशी, सणाला, तिथले पवित्र अवशेष बघायला गर्दी होणार होती, आणि त्या दर्शनाने शुद्धिस्थानातल्या शिक्षेत सूट मिळते असं सांगितलं जात होतं. ल्यूथरचा राग या शिक्षामाफीच्या व्यापारावर होता. पुढे त्याच्या वाटेने चर्चमधून वेगळ्या झालेल्या प्रोटेस्टंटांनी शुद्धिस्थान ही कल्पनाच नाकारली. माणूस मेला की देवाच्या हाती. त्याच्यासाठी प्रार्थना करून काही बदलत नाही.

याचा भुताच्या पोशाखाशी काय संबंध? फार मोठा आहे, आणि मला वाटतं सगळ्या वादाची किल्ली इथेच आहे. कॅथलिक खेडुताच्या लेखी रात्री दिसलेलं भूत म्हणजे प्रार्थना मागायला आलेला एखादा बिचारा आत्मा असू शकत होता. शुद्धिस्थान गेलं, आणि आत्म्यांची परत यायची वाटच बंद झाली. स्वर्गातला कशाला येईल, नरकातल्याला कोण सोडेल? मग रात्री जे दिसलं ते कोण? प्रोटेस्टंट धर्मपंडितांचं उत्तर होतं: सैतान, मेलेल्याचं रूप घेऊन आलेला. म्हणजे एकाच पांढऱ्या चादरीचा अर्थ बदलला. एकाच्या लेखी ती आजी, दुसऱ्याच्या लेखी ती सैतान. आपल्याकडेही बघा, वसईचा कॅथलिक कबरीपाशी मृतासाठी प्रार्थना करतो. नगरकडचा प्रोटेस्टंट आपल्या माणसाच्या कबरीवर फुलं वाहील, त्याच्याबद्दल देवाचे आभार मानील, पण त्याच्यासाठी प्रार्थना सहसा करणार नाही. फरक ५०० वर्षं जुना आहे आणि अजून ताजा आहे.

पुढचा प्रवास झटपट सांगते. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये मुलं वेश करून, गाणी-नकला करून खाऊ मागत राहिली; सलगम कोरून दिवे करत राहिली. एकोणिसाव्या शतकात, विशेषतः १८४५ नंतरच्या दुष्काळात, लाखो आयरिश लोक अमेरिकेत गेले. तिथे सलगमाच्या जागी भोपळा आला, कोरायला सोपा. 'ट्रिक ऑर ट्रीट' विसाव्या शतकातलं, दुसऱ्या महायुद्धातलं साखरेचं रेशनिंग संपल्यावर ते घराघरांत पोचलं. मग चॉकलेटवाले आणि पोशाखवाले आले. बाकी तुम्हाला ठाऊक आहे.

आता अपमानाकडे. कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथात, २१२० व्या परिच्छेदात, पवित्र गोष्टींच्या विटंबनेची व्याख्या आहे. संस्कार आणि उपासना, आणि त्यांच्याबरोबर देवाला वाहिलेली माणसं, वस्तू आणि जागा, यांना अपमानास्पद वागवणं म्हणजे विटंबना. माणसं, वस्तू, जागा हे तीन शब्द लक्षात ठेवले की बरेच पोशाख आपोआप वेगळे होतात.

सांगाडा घ्या. तो देवाला वाहिलेला माणूस नाही, वस्तू नाही, जागाही नाही. तो आपण सगळे आहोत. युरोपातली चर्चेस सांगाड्यांनी भरलेली आहेत. चेक देशात कुटना होरा गावाजवळ सेडलेत इथे एक प्रार्थनास्थळ आहे. तिथे किमान ४० हजार माणसांची हाडं आहेत, झुंबरसुद्धा हाडांचं. रोममध्ये कापुचिन साधूंच्या तळघरात भिंतींवर हाडांची नक्षी आहे आणि एक पाटी आहे: तुम्ही आज जे आहात ते आम्ही होतो, आम्ही आज जे आहोत ते तुम्ही होणार. आणि आपल्या गोव्यात? जुन्या गोव्याच्या बॉम जेझू चर्चमधलं संत फ्रान्सिस झेवियरचं शव दर १० वर्षांनी जवळच्या से कॅथेड्रलमध्ये नेतात आणि लाखो लोक रांग लावून ते बघतात, यापूर्वीचं दर्शन नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५. मरण डोळ्यांसमोर ठेवणं ही चर्चची जुनी सवय. तेव्हा प्लॅस्टिकच्या हाडांचा झगा घातलेल्या पोराला बघून चर्च दचकत असेल, तर ते स्वतःचं घर विसरलंय.

आता नन घ्या. अमेरिकेतल्या पोशाखांच्या दुकानात मांडीपर्यंतचा काळा झगा, डोक्यावर पांढऱ्या कडेची ओढणी, गळ्यात मोठा क्रूस असं एक पाकीट हमखास मिळतं. त्यात भूत नाही, सैतान नाही. म्हणून कित्येकांना तो निरुपद्रवी वाटतो. माझ्या मते सगळ्यात टोचणारा पोशाख हाच. माझी एक मावशी धर्मभगिनी होती, आयुष्य आदिवासी मुलींच्या वसतिगृहात गेलं. चर्चच्या कायद्यातलं ६६९ वं कलम म्हणतं की तो वेश समर्पणाची खूण आणि गरिबीची साक्ष आहे. साक्ष हा शब्द बघा. त्या झग्यामागे लग्न, मूल, स्वतःचं घर, सगळं सोडून दिल्याचा हिशेब असतो. त्याची मांडीपर्यंत कापलेली आवृत्ती त्याच त्यागाची टिंगल करते. भुताची टिंगल भुताला लागत नाही. इथे जिला लागते ती जिवंत आहे आणि बहुधा काही बोलत नाही.

मे-जून २०२३ मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर्स या बेसबॉल संघाने 'सिस्टर्स ऑफ पर्पेच्युअल इंडल्जन्स' या गटाचा सन्मान करायचं ठरवलं. १९७९ पासून ननच्या वेशात वावरणारे हे समलिंगी कार्यकर्ते. एड्सच्या काळात त्यांनी रुग्णांसाठी मोठं काम केलं. कॅथलिकांनी ओरड केली, संघाने आमंत्रण मागे घेतलं, मग दुसऱ्या बाजूने ओरड झाली, पुन्हा दिलं. त्या वादात दोन्ही बाजूंकडे खरं काहीतरी होतं, आणि दोघांनाही ते ऐकायचं नव्हतं.

कायदा काय म्हणतो? अमेरिकेत धर्माची टिंगल हा गुन्हा नाही. पण अलाबामा राज्यात एक अजब कायदा आहे: सार्वजनिक ठिकाणी फसवणुकीने पाद्री, नन, रब्बी असल्याचा वेश केला तर ५०० डॉलरपर्यंत दंड किंवा वर्षभरापर्यंत तुरुंग, किंवा दोन्ही. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेचं २९९ वं कलम जाणूनबुजून, दुष्ट हेतूने धार्मिक भावना दुखावण्याबद्दल आहे. दोन्हीकडे कळीचा शब्द हेतू. आणि मदर तेरेसांच्या निळ्या काठांच्या पांढऱ्या साडीचा तर २०१६ मध्ये भारतात ट्रेडमार्क नोंदवला गेला. शाळेच्या स्टेजवर चादरीला निळ्या पट्ट्या चिकटवून उभी राहणारी छोटी मदर तेरेसा त्यात येत नसावी, अशी आशा करू.

वस्तू आणि जागा यांचं लवकर आटपतं. ख्रिस्तप्रसादाची भाकर, प्याला यांचं सोंग नको, खोटंही नको. तिथे कॅथलिक माणूस हसत नाही. जपमाळ गळ्यात दागिना म्हणून घालणं अनेकांना खटकतं. आणि चर्चच्या वाहनतळात गाड्यांच्या डिक्क्या सजवून मुलांना खाऊ वाटणं वेगळं, वेदीसमोर मुखवटा घालून बसणं वेगळं. अमेरिकेतली कितीतरी चर्चेस पहिलं आनंदाने करतात.

मग शाळेने सांगाडाही का नाकारला? याचं उत्तर धर्मशास्त्रात कमी आणि बायबलमधल्या संत पौलाच्या पत्रात जास्त आहे. करिंथमधल्या ख्रिस्ती लोकांपुढे प्रश्न होता की मूर्तीला दाखवलेलं मांस बाजारात मिळतं, ते खावं का? पौल म्हणतो, बाजारात मिळतं ते चौकशी न करता खा. पण शेजारी बसलेला म्हणाला, 'हे मूर्तीला वाहिलेलं आहे', तर त्याच्या मनासाठी खाऊ नकोस. वसईत हा प्रश्न अजून जिवंत आहे, फक्त मांसाच्या जागी शेजारच्या गणपतीचा मोदक असतो. आमच्या घरी तो हातोहात संपायचा. दोन घरं पलीकडे तो नमस्कार करून बाजूला ठेवला जायचा, आणि तेही अपमान म्हणून नव्हे. शाळेतही तसंच आहे. एका बाकावर भुताला हसणारा मुलगा असतो, शेजारच्या बाकावर अशी मुलगी असते की जिच्या घरी सैतान ही गंमत नाही. चेटूक-भानामतीला बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात सरळ मनाई आहे आणि तिचे आईवडील ते शब्दशः वाचतात. शाळा त्या दुसऱ्या मुलीसाठी नियम करते.

चेटकिणीच्या टोकदार टोपीबद्दल मात्र माझी तक्रार उलट दिशेने आहे. अमेरिकेतल्या सालेममध्ये १६९२ साली चेटकाच्या आरोपावरून १९ जणांना फासावर दिलं, एकाला दगडांखाली चिरडलं. आरोप करणारे आणि न्याय देणारे सगळे ख्रिस्ती होते. शेवटच्या दोषी ठरलेल्या बाईचं नाव निर्दोष म्हणून नोंदवलं गेलं ते २०२२ मध्ये. आणि सातपुड्यात 'डाकीण' ठरवून बाईला गावाबाहेर काढल्याच्या बातम्या आपण अजून वाचतोच. चेटकिणीचा पोशाख ख्रिस्ती धर्माचा अपमान आहे की त्या बायकांचा, हा प्रश्न चर्चमध्ये कुणी विचारताना मी ऐकलेलं नाही.

भीतीचं सोंग चर्चला अजिबातच चालत नाही, असंही नाही. व्हर्जिनियात लिंचबर्गमध्ये जेरी फॉलवेल या प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाच्या कॉलेजने १९७२ मध्ये 'स्केअरमेअर' नावाचं भूतघर सुरू केलं: आत मृत्यू आणि रक्त, शेवटी ख्रिस्ताचा संदेश. पुढे 'हेल हाऊस' निघाली, त्यांत नरकाचे देखावे. म्हणजे ज्या सैतानाचा पोशाख मुलाने घालायचा नाही, तोच पोशाख घालून एखादा स्वयंसेवक तिकीट काढून आलेल्या पोरांना घाबरवतो. हे मला हॅलोविनपेक्षा जास्त खटकतं.

दुसऱ्या टोकाला पॅरिसचं 'हॉलीविन्स' आहे. २००२ पासून तिथल्या कॅथलिकांनी हॅलोविनला उत्तर म्हणून मुलांना संतांचे वेश द्यायला सुरुवात केली. मैत्रिणीच्या शाळेतली पद्धत याच जातीची. आणि इथे तिचा दुसरा प्रश्न येतो: संताचं सोंग हा अपमान का नाही?

कारण चर्चने हे आधी करून पाहिलंय. मध्ययुगात युरोपातल्या अनेक चर्चेसमध्ये डिसेंबरात एका लहान मुलाला बिशप करत. अंगावर बिशपचा झगा, डोक्यावर उंच मुकुट, हातात दंड. मरियेच्या स्तोत्रात देव बलवंतांना आसनावरून खाली ओढतो अशी ओळ आहे. ती गाताना खरा बिशप उठायचा आणि पोरगा त्याच्या खुर्चीवर बसायचा. याच दिवसांत तरुण पाद्र्यांचा 'मूर्खांचा सण'ही चाले. तो इतका हाताबाहेर गेला की बाझलच्या धर्मपरिषदेने १४३५ मध्ये त्याच्यावर बंदी घातली. बाल-बिशप मात्र टिकला. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीने १५४१ मध्ये तो बंद केला, आणि सॅलिसबरी, हिअरफर्ड इथे आता पुन्हा सुरू आहे. वेश दोन्हींत होता. एकात मोठी माणसं पवित्र गोष्टींवर हसत होती. दुसऱ्यात एक मूल मोठ्यांना त्यांचीच प्रार्थना खरी करून दाखवत होतं. आमच्याकडे जत्रेत देवळासमोर दशावतार उभा राहतो तेव्हा विष्णूचा मुकुट घातलेल्या गड्याच्या पाया पडणारी म्हातारी हा फरक बरोबर ओळखते.

हे सगळं मी मैत्रिणीला एवढ्या विस्ताराने सांगितलं नाही. तिचा स्वयंपाक व्हायचा होता. मी तिला म्हटलं, पोराला आमचा गोन्सालो गार्सिया कर. वसईत जन्मला, १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारला गेला, भारतात जन्मलेला पहिला संत. फोन मुलाकडे गेला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मावशी, त्याचं डोकं हातात आहे का?"

नाही, पण ज्याचं आहे असा एक आहे. शाळेला भीतिदायक पोशाख नको होते, संत हवे होते. संतांची यादी नीट वाचली असती तर शाळेने चिठ्ठी जरा जपून लिहिली असती. संत लॉरेन्स जाळीवर भाजला गेला आणि ती जाळी हातात घेऊन उभा असतो. संत लुसीच्या हातातल्या ताटलीत दोन डोळे असतात. संत बार्थलमी सिस्टीन चॅपलच्या भिंतीवर स्वतःची सोललेली कातडी धरून बसलाय. आणि पॅरिसचा पहिला बिशप संत डेनिस. शिरच्छेद झाल्यावर स्वतःचं डोकं उचलून चालत निघाला अशी आख्यायिका आहे. नोत्र दामच्या दर्शनी भिंतीवर तो तसाच उभा आहे, डोकं हातात.

१ नोव्हेंबरला रात्री फोटो आला. खांद्यांवर पुठ्ठा, त्यावरून पांढरा झगा, छातीशी धरलेलं कागदी लगद्याचं मुंडकं आणि त्या मुंडक्यावर बिशपचा सोनेरी मुकुट. भुतासाठी बनवलेलं तेच मुंडकं, फक्त मुकुट नवा. खाली मैत्रिणीने लिहिलं होतं: बाईंनी दोन मिनिटं नुसतं बघितलं, मग फादरना बोलावून आणलं. फादर म्हणाले, मिस्साच्या वेळी डोकं मांडीवर ठेव, बाकावर नको, घरंगळेल.